पाझर तलाव आणि अस्तराचं शेततळं

जलसंधारणाच्या कामांच्या यादीत पाझर तलाव आणि शेततळं बहुतेक वेळा शेजारी-शेजारी असतात. दोन्हींत पाणी साठतं, दोन्हींना बांध असतो, त्यामुळे दोन्हींचं काम एकच असं आपण धरून चालतो. पण शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असलं, तर या दोन ठिकाणी पाणी अगदी उलट दिशेनं जातं. एकात ते वरून जमिनीत उतरतं, दुसऱ्यात जमिनीतून वर येतं.

पाझर तलाव म्हणजे नाल्यावर घातलेला मातीचा बांध. त्याला कालवा नसतो, कारण पाणी तिथून कुठं न्यायचंच नसतं. ते तळातून मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना लागावं, एवढीच अपेक्षा. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर असे तलाव गावोगाव झाले. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसाल्टचा आहे आणि अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात. म्हणून पाझर तलावाची जागा निवडताना तळाशी काय आहे हे आधी पाहावं लागतं.

‘आमचा तलाव फेब्रुवारीतच आटतो’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तलाव मुरून आटला असेल आणि खालच्या विहिरींची पातळी टिकून असेल, तर त्यानं आपलं काम चोख केलं आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उघड्यावर असण्यापेक्षा खडकात असलेलं केव्हाही बरं. उलट मे महिन्यातही तलाव तुडुंब दिसला, तर तळात गाळ बसून पाझर बंद झाल्याची शंका घ्यावी.

अस्तराच्या शेततळ्याचं नेमकं उलटं. मे महिन्यात ते भरलेलं असणं हेच त्याचं यश, कारण त्या पाण्यावर डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग जगवायची असते. पण ते भरतं कशानं? ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल आणि उतरत्या बाजूंचं शेततळं घ्या. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्यावर थेट पडणारं पाणी साडेचार लाख लिटर, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. बांध जमिनीच्या वर उचललेला असल्यानं शिवारातलं वाहतं पाणी आत शिरत नाही. उरलेलं पाणी मग पावसाळ्यात विहिरीतून नाहीतर बोअरमधून उपसून भरलं जातं.

आणि ते उन्हात उघडं राहतं. ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून पाणी १ मिलिमीटर उतरलं की ९०० लिटर गेलं. कोरड्या भागात कडक उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर सहज उडतात, म्हणजे काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज पाच हजार लिटरच्या वर. पातळी उतरेल तसा पृष्ठभाग आणि नुकसान दोन्ही थोडं कमी होतं, इतकंच.

यात बागायतदाराला दोष देण्यासारखं काही नाही. लाखोंचा खर्च झालेली बाग डोळ्यांदेखत वाळू द्यायची कुणाची हिंमत होईल? पण जमिनीखालचं पाणी शेजारच्या विहिरींचंही असतं आणि अस्तरावर आलं की ते एकाचं होतं. ही गोष्ट ग्रामसभेत उघडपणे बोलली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ज्याच्याकडे बोअर आणि अस्तर दोन्हींचा पैसा आहे तो आधी भरून घेतो, आणि उथळ विहीरवाल्याला मार्चमध्येच टँकरची वाट पाहावी लागते.

बिनअस्तराचं, मुरमात खोदलेलं आणि शिवाराचं पाणी आत घेणारं शेततळं मात्र पाझर तलावाच्याच जातीचं. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना ते जमेला धरावं. बोअरवर भरलेलं अस्तराचं शेततळं उपशाच्या बाजूला लिहावं आणि त्यावर पडलेला पाऊस तेवढा वजा करावा.