द्रवरूप आर्गॉनचा डिटेक्टर: कोलारपासून ड्यूनपर्यंत

न्यूट्रिनोचा, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणाचा, माग काढणं मुंबईला नवं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओसाका सिटी आणि डरहॅम विद्यापीठांच्या साथीने १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलवर, वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. उपकरण म्हणजे प्लास्टिक सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारं प्लास्टिक) आणि निऑनच्या नळ्यांच्या उभ्या भिंती. वैश्विक किरणांमधले जे थोडे म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) तिथवर पोचत, ते वरून जवळजवळ सरळ खाली येत. आडवा म्यूऑन मात्र शेजारच्या खडकात न्यूट्रिनो आदळल्याशिवाय येणं अशक्यच. माझ्या मते आपल्या प्रायोगिक भौतिकशास्त्रातलं हे सर्वांत सुंदर काम आहे. पण प्रत्यक्ष टक्कर खडकात होई, ती दिसत नसे.

ती टक्करच बघायची, तर लक्ष्य आणि डिटेक्टर एकच हवा. १९७७ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रुबिया यांनी त्यासाठी द्रवरूप आर्गॉन सुचवला. हवेत तो जवळपास एक टक्का असतो, म्हणून स्वस्त; उणे १८६ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो; आणि मुख्य म्हणजे टकरीतून निघालेल्या कणांमुळे अणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन गिळत नाही. विद्युतक्षेत्र लावलं की ते इलेक्ट्रॉन तारांच्या जाळीकडे सरकतात आणि मिलिमीटरच्या बारकाव्याने टकरीचं चित्र उमटतं.

अडचण शुद्धतेची. इलेक्ट्रॉनना काही मीटर जायचं असतं, आणि वाटेत ऑक्सिजन भेटला की तो त्यांना पकडून ठेवतो. हजार कोटी भागांत ऑक्सिजनचा एखादा भागही फार होतो. म्हणून आर्गॉन सतत गाळून फिरवावा लागतो. कल्पनेपासून इटलीतल्या ग्रान सासो या भूमिगत प्रयोगशाळेतल्या ७६० टनी इकॅरस डिटेक्टरपर्यंत (२०१०) तीन दशकं गेली, त्यातली बरीचशी ही शुद्धता साधण्यात.

भारतातल्या नियोजित न्यूट्रिनो वेधशाळेने चुंबकीय लोखंडाचा मार्ग निवडला. म्यूऑन धन की ऋण हे त्यात कळतं, त्यामुळे तो निर्णय मला योग्यच वाटतो.

आर्गॉनचं मोठं काम आता अमेरिकेतल्या ड्यून प्रयोगात चाललंय. शिकागोजवळच्या फर्मिलॅब प्रयोगशाळेहून निघालेले न्यूट्रिनो १३०० किलोमीटरवर, दक्षिण डकोटात दीड किलोमीटर खोल ठेवलेल्या टाक्यांत टिपायचे आहेत. एका टाकीत सुमारे १७,००० टन आर्गॉन मावतो. न्यूट्रिनोंच्या झोतासाठी फर्मिलॅबमध्ये उभारल्या जाणाऱ्या पिप-२ प्रवेगकाच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) कामात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा आहे. नवं तंत्र तारांच्या जागी आलंय: एका टाकीत छिद्रं पाडलेले सर्किट बोर्ड बसवायचे ठरले आहेत. हजारो तारा ताणून बसवण्यापेक्षा ते सोपं, आणि इलेक्ट्रॉनची वाटही साडेतीन मीटरवरून सुमारे साडेसहा मीटरपर्यंत वाढवता येते.