ड्रायसूट घेताय? आधी आत काय घालणार ते ठरवा

तारकर्लीला नाहीतर गोव्यात ग्रँड आयलंडपाशी स्कुबा डायव्हिंग केलेल्या माणसाचा ड्रायसूटशी, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या डायव्हिंगच्या सूटशी, संबंधच येत नाही, तिथलं पाणी २७-२८ डिग्री, पातळ वेटसूटवर भागतं. पण नोकरीनिमित्त इंग्लंडात गेलेल्या कुणाला तिकडे डायव्हिंग चालू ठेवायचं असलं की मग गाडी स्टोनी कोव्हसारख्या ठिकाणी वळते. लेस्टरशायरमधली जुनी दगडाची खाण, पाण्याने भरलेली, साधारण ३५ मीटर खोल, हिवाळ्यात पाणी ५ डिग्रीच्या आसपास. उन्हाळ्यात वरचं पाणी बरं लागतं म्हणून खूश व्हायचं नाही, जरा खाली गेलं की एकदम गारठा सुरू होतो, कारण गोडं पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसून राहतं आणि उन्हाने तापलेलं हलकं पाणी वरच तरंगतं, दोन्ही लवकर मिसळत नाहीत.

पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे फोमसारखं रबर, त्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे ऊब धरतं, पण ३० मीटरवर दाब वरच्यापेक्षा चौपट होतो, बुडबुडे चेपतात, म्हणजे जिथे थंडी जास्त तिथेच सूट पातळ. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही, अंगाभोवती हवा राहते, आणि खाली जाताना दाबाने ती हवा चेपली की छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमधली थोडी हवा आत सोडायची. वर येताना ती फुगते, ती दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढायची.

आता लोक दुकानात जाऊन काय करतात तर सूटचा रंग, खिसे आणि ब्रँड बघतात. माझं म्हणणं, हा उलटा क्रम झाला. सध्या बरेच जण घेतात तो ट्रायलॅमिनेट सूट, दोन कापडांच्या मधे ब्युटाइल रबरचा थर, आणि तो म्हणजे निव्वळ रेनकोट आहे, स्वतःची ऊब जवळपास शून्य. ऊब देतो आतला अंडरसूट, म्हणजे खरं तर त्या अंडरसूटने धरून ठेवलेली हवा. म्हणून आधी तुमचं पाणी किती डिग्रीचं ते बघा, त्याप्रमाणे अंडरसूट घ्या, आणि तो घालूनच बाहेरचा सूट ट्राय करा. अंडरसूटच्याही आत, अंगाला लागून, मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, कॉटन अजिबात नाही, ते घाम पिऊन अंगाला चिकटतं. सूट घातल्यावर खाली बसा, हाताची घडी घाला, हात मागे नेऊन पाठीवरच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो का बघा. फार घट्ट असेल तर अंडरसूट चेपून त्यातली हवाच जाते, फार ढगळ असेल तर जादा हवा इकडून तिकडे पळते, आणि ती पायात गेली की माणूस उलटा होऊन पाय वर करून वर खेचला जातो. हा प्रकार गंभीर आहे, म्हणून सूट कितीही भारी असला तरी आधी स्विमिंग पूलमध्ये इन्स्ट्रक्टरबरोबर प्रॅक्टिस करायचीच.

निओप्रीनचे ड्रायसूटही मिळतात, ते स्वतः थोडी ऊब देतात आणि अंगाबरोबर ताणले जातात, पण जड असतात, वाळायला वेळ घेतात.

खरी कटकट असते सीलची, म्हणजे गळ्याशी आणि मनगटांशी पाणी अडवणाऱ्या रबरी कडांची. लॅटेक्स मऊ, स्वस्त, पण ऊन आणि तेल लागून खराब होतं, दोन-चार वर्षांत बदलावं लागतं आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. सिलिकॉन त्वचेला बरं, पण साध्या गोंदाने चिकटत नाही म्हणून सूटला लावलेल्या कडक रिंगवर बसवतात, फाटलं तर मात्र डायव्हिंगच्या जागीच बदलता येतं, त्यामुळे मला तेच आवडतं. गळ्याचं नवं लॅटेक्स सील घट्ट येतं, ते कात्रीने कडेपासून एकेक गोल पट्टी (रिंग) कापून मापाला आणतात, आणि इथे घाई करायची नाही, एक रिंग जास्त कापली की पाणी आत. पण घट्टच ठेवलं तर मानेतल्या मोठ्या धमनीवर दाब येऊन चक्कर येऊ शकते, तेव्हा ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नका. दाढीवाल्यांनी गळ्यावरचे केस सीलखाली येणार नाहीत एवढं बघायचं. मनगटाचं गंमतशीर आहे, मूठ आवळली की आतल्या बाजूच्या दोऱ्यांसारखे स्नायुबंध (टेंडन) वर येतात आणि त्यांच्या मधल्या खाचेतून पाणी गुपचूप शिरतं, सडपातळ मनगटांना हा त्रास जास्त. कॅमेरा घट्ट धरून बसणाऱ्याची बाही ओली निघते ती बऱ्याचदा यामुळेच, सूट फुटका नसतो.

झिप खांद्यांवर मागे असली तर लावायला दुसरा माणूस लागतो, पुढे तिरकी असली तर स्वतःची स्वतः लागते, थोडे पैसे जास्त गेले तरी पुढचीच घ्या. पितळी झिपला मेण चोळावं लागतं, आणि कुठलीही झिप घडी घालून ठेवायची नाही, दुमडली तिथेच ती मरते.

सूटमध्ये हवेऐवजी आर्गन वायू भरल्याने जास्त ऊब राहते असं कुणीतरी सांगेलच. आर्गन हवेपेक्षा उष्णता कमी वाहतो, हवेच्या साधारण दोन तृतीयांश, हे खरं, पण नवशिक्याने तो पैसा जाड अंडरसूटवर आणि डोक्यावरच्या चांगल्या हूडवर घालावा. खोल डायव्हला श्वासासाठी वापरतात ते हेलियम असलेलं मिश्रण मात्र सूटमध्ये कधीच नाही, हेलियम हवेच्या सहापट उष्णता पळवतो.

आणि आइसलँडच्या ट्रिपमध्ये सिल्फ्रा नावाच्या, पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या भेगेत एकदाच उतरायचं असेल, २ ते ४ डिग्रीच्या पाण्यात, तर सूट विकत घेऊच नका. तिथे नुसत्या स्नॉर्केलिंगलाही ड्रायसूट टूरवालेच देतात, डायव्ह करायचा असेल तर मात्र ड्रायसूटचा अनुभव आधीचा लागतो. मापाचा सूट मागून घ्या, गळ्याला आवळतंय वाटलं तर किनाऱ्यावरच सांगा, आणि आत घालायला घरून लोकरीचे मोजे न्या.