गोळी 'लागू पडत नाही' म्हणजे नेमकं काय होतं?

काकूंना हेपॅटायटिस झालाय कळल्यावर आमच्या गल्लीत लोकांनी त्यांच्याकडचा चहाच बंद केला. अहो, ऑटोइम्यून हेपॅटायटिस लागत नाही कुणाला! त्यात व्हायरस नसतोच, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर उलटलेली असते, बायकांमध्ये जास्त. नेहमीची ट्रीटमेंट म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अन् सोबत ॲझाथायोप्रिन. बऱ्याच जणांचं यावर भागतं. ज्यांचं भागत नाही तिथं खरी गंमत आहे.

ॲझाथायोप्रिनचं शरीरात ६-मर्कॅप्टोप्युरीन होतं आणि मग तीन वाटा फुटतात. पहिल्या वाटेनं टीजीएन नावाचं द्रव्य तयार होतं, ते आपल्याला हवं असतं, खरं काम तेच करतं. सोलापुरी माणसाला मागाचंच उदाहरण देतो, चादर विणताना मध्येच तसाच दिसणारा कच्चा दोरा भरला तर पुढची वीण फसते, तसं टीजीएन भराभर वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएत घुसतं अन् हल्लेखोरांची वाढच अडते. दुसऱ्या वाटेवर टीपीएमटी नावाचं एन्झाइम ६-एमएमपी हे दुसरंच द्रव्य बनवतं, ते फार साचलं की लिव्हरलाच त्रास. तिसरी वाट झँथिन ऑक्सिडेज या एन्झाइमची, तिथं औषध निकामी होऊन जातं.

आता काहींचं शरीर बहुतेक माल दुसऱ्या वाटेला लावतं, मग डोस वाढवला तरी टीजीएन तिथंच, एमएमपी मात्र चढतं आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) खाली यायच्या ऐवजी वर, अन् वाटतं आजारच बळावला! तोडगा काय, तर युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, ॲलोप्युरिनॉल. ती झँथिन ऑक्सिडेज अडवते, एमएमपी उतरतं, टीजीएन चढतं. मात्र तेव्हा ॲझाथायोप्रिन साधारण पाव ते एक तृतीयांशावर आणावी लागते, नाहीतर रक्तपेशी बनवणारा बोनमॅरोच बसतो, त्यामुळं हे घरी करून बघायचं काम नव्हे. शिवाय आपल्याकडं एनयूडीटी१५ जनुकात बदल असलेले लोक बरेच सापडतात, त्यांच्या पांढऱ्या पेशी साध्या डोसनंही धडाधड उतरतात.

एवढं करूनही जमलं नाही तर मायकोफेनोलेट (गरोदरपणात अजिबात नाही), टॅक्रोलिमस, कधी रिटुक्सिमॅब, आणि लिव्हर पारच गेलं तर ट्रान्सप्लांट.

आणि ते कावीळ उतरवणारे! हा आजार मधूनच आपोआप ओसरतो अन् पुन्हा उसळतो, ओसरला की श्रेय गळ्यातल्या माळेला.

काकूंच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी औषध बदलायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या. गोळ्या रोज घेता का? तर नाही, स्टेरॉइडनं तोंड सुजतं म्हणून महिनाभर बंद. आणखी काय घेता? गुळवेलीचा काढा, दोन वेळा. गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्यांच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापल्यात. काकूंना ते सांगितलं तर म्हणतात, "अरे पण ती तर आपल्याच कुंपणावरची आहे!"