एकशे बासष्ट म्हणजे नक्की किती?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तीच बातमी आली. ब्रिटनमध्ये राहणारी भारतीय वंशाची अकरा-बारा वर्षांची मुलगी, मेन्सा या अतिहुशार लोकांच्या संस्थेच्या टेस्टमध्ये आयक्यू १६२, आणि खाली मोठ्या अक्षरात 'आइन्स्टाईन आणि हॉकिंगलाही मागे टाकलं'. काकांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि वहिनीने लगेच मला पर्सनलवर विचारलं, आमच्या धाकट्याचा पण काढून देतेस का गं आयक्यू?

त्या मुलीचं कौतुक मलाही आहे, खरंच आहे. पण मी मुलांच्या आणि मोठ्यांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेते, त्यामुळे ही बातमी दिसली की मला गप्प बसवत नाही. वर्षा-दोन वर्षांनी असं एखादं मूल बातमीत येतं, नाव बदलतं, गाव बदलतं, आकडा मात्र बहुतेक वेळा १६२च. १५९ का नाही, १७१ का नाही? कारण ती मुलं कॅटेल थ्री बी नावाची टेस्ट देतात आणि त्या टेस्टमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलाला १६२ च्या वर जाताच येत नाही. पट्टीच तिथे संपते. आणि आइन्स्टाईनचं म्हणाल तर त्याने आयक्यू टेस्ट दिल्याची कुठे नोंदच नाही, तो १६० चा आकडा लोकांनी मागाहून अंदाजाने चिकटवलेला आहे. हॉकिंगना एका मुलाखतीत त्यांचा आयक्यू विचारला होता तर ते म्हणाले मला काही कल्पना नाही. मग मागे कोणाला टाकलं?

तर १६२ म्हणजे किती, हे समजायला थोडं मागे जाऊ. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी पहिली टेस्ट केली ती हुशार मुलं शोधायला नव्हे, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेळेवर मदत मिळावी म्हणून. आठ वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांइतकंच जमत असेल तर त्याचं मानसिक वय सहा, एवढीच सोपी कल्पना. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायला सुचवलं, मग शंभरने गुणायची पद्धत आली आणि झाला आयक्यू. आपल्याकडे डॉ. कामतांनी याच टेस्टचं मराठी आणि कानडी रूप केलं, बिने-कामत म्हणून ती अजूनही क्लिनिकमध्ये वापरतात.

या भागाकारात एक गोची आहे. पाच वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलाइतकं आलं तर आयक्यू १६०, ठीक. पण चाळीस वर्षांच्या बाईला १६० मिळवायचे तर तिचं मानसिक वय ६४ असायला हवं, आणि याला काही अर्थच नाही, कारण असले प्रश्न सोडवण्याची वाढ पंधरा-सोळानंतर मंदावते. एके काळी गिनीजच्या पुस्तकात २२८ आयक्यू छापला जायचा तो याच भागाकारातून आलेला होता, दहा वर्षांच्या मुलीचं मानसिक वय २२ वर्षं १० महिने निघालं म्हणून. पुढे गिनीजने तो प्रकारच बंद केला.

यावर जो तोडगा निघाला तो माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये मोठ्या माणसांना तपासणाऱ्या डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडूनच दिला. ते म्हणाले, माणसाला त्याच्याच वयाच्या लोकांच्या रांगेत उभं करा आणि तो कितवा येतो ते बघा. म्हणजे सीईटीचं पर्सेंटाईल असतं ना, तसंच. रांगेच्या मधोमध जो उभा आहे त्याला १०० म्हणायचं. आणि मधल्यापासून किती लांब हे सांगायला एक ठरावीक पाऊल घ्यायचं, स्टँडर्ड डेव्हिएशन, आम्ही एसडी म्हणतो. वेक्सलरनी एका पावलाला १५ पॉइंट दिले. एक पाऊल पुढे म्हणजे ११५, दोन पावलं पुढे म्हणजे १३०, आणि तिथे शंभरातली साधारण दोनच माणसं तुमच्या पुढे असतात.

आता खरी मेख. ते १५ वेक्सलरनी *ठरवलेले* आहेत, निसर्गाने दिलेले नाहीत. बिनेच्या टेस्टचं अमेरिकन रूप म्हणजे स्टॅनफर्ड-बिने, तिच्या जुन्या आवृत्त्यांत पाऊल १६ चं होतं आणि कॅटेलमध्ये ते २४ चं आहे. त्यामुळे मेन्साला जे वरचे दोन टक्के लोक हवे असतात त्यांचा आकडा वेक्सलरवर १३०, जुन्या स्टॅनफर्ड-बिनेवर १३२ आणि कॅटेलवर १४८ येतो. तीच माणसं, तीच रांग. ताप १०१ आहे म्हणा नाहीतर ३८.३ आहे म्हणा, पोराचं अंग तेवढंच तापलेलं असतं. कॅटेलवरचे १६२ घ्या, १०० च्या वर ६२, भागिले २४, झाली २.५८ पावलं. वेक्सलरच्या भाषेत २.५८ गुणिले १५, म्हणजे साधारण १३९. आणि रांगेत जागा? दोनशे मुलांत एक, म्हणजे ९९.५ पर्सेंटाईल. छानच आहे हे, त्या मुलीने अभिमानाने सांगावं असं आहे, पण सीईटीला लाख मुलं बसली तर ९९.५ च्या वर त्यातली पाचशे असतात आणि त्या पाचशेंची कुणी आइन्स्टाईनशी तुलना करत नाही.

याच्या पुढे अजून एक गंमत आहे. रांग म्हटली तर ती कोणाची? टेस्ट बनवताना आधी एका मोठ्या गटाकडून ती सोडवून घेतात, त्यावरून नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे आकडे बनतात. वेक्सलरच्या मुलांच्या टेस्टच्या अलीकडच्या अमेरिकन आवृत्त्यांसाठी २२०० मुलं घेतली, दर वयोगटात २००. दोनशेंत १३० च्या वरची मुलं किती, चार-पाच. १४५ च्या वर तर हजारात एक-दोनच असतात, म्हणजे त्या दोनशेंत एखादं सापडलं तर नशीब. तेव्हा १४८ आणि १५६ मधला फरक प्रत्यक्ष मुलांशी तुलना करून फारसा मोजलेलाच नसतो, बेल कर्व्हची, म्हणजे मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या घंटेसारख्या आलेखाची रेघ पुढे ओढून काढलेला असतो. फार हुशार मुलांच्या बाबतीत नेमकं तिथेच आकडा पातळ होत जातो जिथे आईबाबांना तो सगळ्यात जास्त हवा असतो.

शिवाय रांग जुनी होते. १९८४ मध्ये जेम्स फ्लिन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की दर दहा वर्षांनी लोकांचे मार्क साधारण तीन पॉइंटने वाढत गेलेत, म्हणून जुन्या नॉर्म्सवर आजचं मूल जास्त हुशार दिसतं. आपल्या नागपूरला मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलरचं भारतीय रूप बसवलं, मोलाचं काम होतं ते, पण तेव्हाच्या मुलांच्या रांगेत आजचं मूल उभं करायचं म्हणजे उत्तर जपूनच वाचायला हवं.

आता मोजमापातली चूक. सूत्र असं, एसडी गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. विश्वसनीयता म्हणजे टेस्टचं उत्तर किती भरवशाचं, पुन्हा मोजलं तर किती सारखं येईल, याचं शून्य ते एक मधलं माप. विश्वसनीयता ०.९६ असलेली उत्तम टेस्ट घेतली तर १५ गुणिले ०.२, म्हणजे ३ पॉइंट. ९५ टक्के खात्री हवी तर दोन्हीकडे साधारण ६. म्हणजे रिपोर्टवर १२८ आहे त्याचा अर्थ १२२ ते १३४ च्या मधे कुठेतरी. विश्वसनीयता ०.८० इतकी उतरली की दोन्हीकडचे हे ६ साधारण १३ पॉइंटवर जातात, त्यामुळे मोबाईलवर दहा मिनिटांत आयक्यू सांगणाऱ्या क्विझबद्दल तर बोलायलाच नको. हे सूत्र डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही, एवढं धरून ठेवा की १२८ वालं मूल बाहेर आणि १३० वालं आत अशी रेघ मारणं मोजमापाच्या दृष्टीने टिकत नाही. लुई टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात दीड हजारांवर अतिहुशार मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास सुरू केला, त्यात विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ यांची टेस्ट झाली होती पण मार्क कमी पडले म्हणून त्यांना घेतलं नाही. पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये.

मग टेस्ट घ्यायचीच कशाला? कारण एका आकड्याच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. चाचणी एकास एक असते, तास-दीड तास, आणि तिच्यात दहा-एक उपचाचण्या असतात, शब्दांचे अर्थ, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी, आकडे ऐकून उलटे म्हणणं, घड्याळ लावून खुणा शोधणं. प्रत्येकाला १ ते १९ गुण, सरासरी १०. समजा एखाद्या मुलीला शब्दार्थात १७ आणि वेगाच्या उपचाचणीत ७ आले. सरासरी काढली तर ती बऱ्यापैकी हुशार एवढंच दिसेल, आणि शाळेत तर 'वही पूर्ण नाही' हाच शेरा. प्रत्यक्षात तिचं डोकं खूप पुढे पळतंय आणि हात मागे राहतोय. डिस्लेक्सिया असलेली हुशार मुलं अशीच वर्षानुवर्षं मधल्या बाकावर लपून राहतात, हुशारी अडचण झाकते आणि अडचण हुशारी झाकते. पुष्कळदा मुलाचा रिपोर्ट समजावून सांगताना वडील हळूच म्हणतात, मॅडम, हे तर माझंच वर्णन आहे, आणि मग चाळिशीतला माणूस स्वतःसाठी अपॉइंटमेंट घेतो. मोठ्यांची रांग मोठ्यांचीच असते, वयोगटाप्रमाणे वेगळी, त्यामुळे सत्तरीच्या आजोबांचा वेग पंचविशीच्या पोराशी कुणी ताडून बघत नाही.

पुण्यात आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हापासून तिथे बुद्धीच्या वेगवेगळ्या पैलूंवर काम झालंय, गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीवरून, ज्यात एकच बरोबर उत्तर शोधणं आणि एका प्रश्नाची खूप उत्तरं सुचणं या दोन वेगळ्या क्षमता मानल्या जातात. एकाच आकड्यापेक्षा मला असं बघणं जास्त पटतं.

आणि हे सगळं असताना बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारे डीएमआयटी वाले शाळाशाळांत फिरतात, पन्नास पानी रंगीत रिपोर्ट देतात, याचा मला मनापासून राग येतो. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच ठरतात आणि जन्मभर तशाच राहतात, मूल काय शिकलं, काय वाचलं, यातलं काही त्यांच्यात उमटत नाही. रेषांवरून करिअर सांगणं म्हणजे हात बघणंच, फक्त स्कॅनर लावून. डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवणारे मिडब्रेन वाले तर मुलांना नाकाजवळच्या फटीतून बघायची आणि ते लपवायची सवय लावतात. कृपा करून तिथे पैसे घालू नका.

वहिनीला मी सांगितलं, शाळेत काही अडत असेल किंवा तो फार कंटाळत असेल तर आण, नुसता आकडा हवा म्हणून नको. ती म्हणाली अडतंय गं, वर्गात सगळं आधीच येतं म्हणून त्रास देतो. मग तिचा पुढचा प्रश्न ठरलेला, तयारी काय करून घेऊ, स्कॉलरशिपचं बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक आहे घरात. तर नाही, ते अजिबात नको. स्कॉलरशिपला सराव चालतो, तिथे सगळेच सराव करून येतात. इथे रांगेतल्या मुलांनी कोरी टेस्ट दिलेली असते, मग आपलं मूल घोटून आलं तर तुलनाच बिघडते, याच कारणाने तीच टेस्ट लगेच परत घेत नाहीत आणि खरे प्रश्न मी इथे लिहू शकत नाही. झोप पूर्ण होऊ द्या, पोटभर नाश्ता द्या, सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या. चष्मा असेल तर आठवणीने आणा, तो अर्ध्या वेळा घरी राहतो.