वाट शाबूत आहे का?

पक्षाघात होऊन चार दिवस झालेत. उजवा हात मांडीवर निपचित पडलाय, कितीही सांगितलं तरी एक बोट उचलत नाही. डॉक्टर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवतात. ‘टक्’ असा कोरडा आवाज होतो आणि हाताच्या स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडची रेष पडद्यावर सरकते. सगळ्यांचे डोळे त्या रेषेवर असतात. तिथे एक छोटासा उंचवटा उमटला, तर मेंदूतून निघालेला निरोप हातापर्यंत पोचला. रुग्णाला स्वतःहून हात हलवता येत नाही, पण वाट पूर्ण बुजलेली नाही.

या तपासणीला टीएमएस म्हणतात, कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला दिलेली चेतना. तत्त्व जुनं आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या वाहकात वीज निर्माण होते, हे मायकल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. इथे तो वाहक म्हणजे आपला मेंदू. १९८० मध्ये लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी कवटीवरून थेट विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला होता, पण त्वचेतून आणि हाडातून जाणारी ती वीज फार दुखायची. चुंबकीय क्षेत्राला हाड अडवत नाही. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी याच गुणाचा उपयोग करून, न दुखवता हात हलवला. निरोगी माणसात हा निरोप मेंदूपासून हाताच्या स्नायूंपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांत पोचतो. कॉइलचं क्षेत्र दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं असतं, पण ते एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतं आणि दोन-तीन सेंटिमीटरच आत पोचतं. हाताचा भाग मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर आहे, म्हणून तो सापडतो. पायाचा भाग दोन अर्धगोलांमधल्या खाचेत दडलेला असल्याने त्याला गाठणं अवघड जातं.

तपासणीतून पुढे उपचाराची कल्पना निघाली. सेकंदाला एक अशा संथ गतीने शेकडो स्पंद दिले की त्या भागातल्या पेशी काही काळ शांत होतात. सेकंदाला पाच किंवा त्याहून जास्त दिले की बहुधा जाग्या होतात. हा परिणाम अर्धा-एक तास टिकतो आणि प्रत्येकावर सारखा होत नाही. आता मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना आवर घालत असतात, जुवाखालच्या बैलजोडीसारखे. एक बैल थकला की दुसरा गाडी आपल्याकडे ओढतो. म्हणून विचार असा झाला, की निरोगी बाजूला संथ स्पंदांनी जरा शांत करावं, म्हणजे दुखावलेल्या बाजूवरचा दाब उतरेल. छोट्या अभ्यासांतून आशा वाटत होती.

मग मोठी चाचणी झाली. अमेरिकेतल्या १२ केंद्रांमधल्या, पक्षाघाताच्या झटक्याला ३ ते १२ महिने झालेल्या १९९ रुग्णांपैकी काहींना खरे स्पंद दिले, काहींना नुसता देखावा. हाताचा व्यायाम मात्र दोन्ही गटांनी कसून केला. २०१८ मध्ये निकाल छापून आला. ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा खऱ्या स्पंदांच्या गटात ६७ टक्के रुग्णांत आणि देखाव्याच्या गटात ६५ टक्के रुग्णांत दिसली. कॉइलने फरक पाडला नाही. पण देखाव्याच्या गटातले ते ६५ टक्के मला फार मोलाचे वाटतात. ‘तीन महिन्यांनंतर काही होत नाही’ असं ऐकून कितीतरी घरांत हाताचा व्यायाम सोडून दिला जातो. इथे महिने उलटल्यावरही हात सुधारले होते.

कॉइल कमी का पडली असेल? एक कारण पटण्यासारखं आहे. मेंदूचं नुकसान फार मोठं असेल, तर निरोगी बाजूच उरलीसुरली गाडी ओढत असते. त्याच बैलाला आवरलं तर गाडी कशी चालणार? प्रत्येक रुग्णाला एकच इलाज लागू पडत नाही. २०२० मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने हीच संथ पद्धत, पण झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात आणि हातापुरती, परिणामकारक ठरवली. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण कोणाला, केव्हा आणि कुठल्या बाजूला, हे बघूनच आत जावं लागतं.

दुसरी पद्धत टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून त्यांतून एक-दोन मिलिअँपिअरचा अगदी मंद प्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. त्याने हात हलत नाही, थोडी चुणचुण जाणवते. यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत आहे, पण हाताच्या बाबतीत पुरावा कच्चा आहे.

म्हणून आज मला या कॉइलचं सर्वांत भरवशाचं काम वाटतं ते सुरुवातीलाच सांगितलेलं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने त्याची साधी रीत बसवली आहे. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं सरळ करता येतात का, एवढंच बघायचं. दोन्हींचे मिळून दहापैकी पाच किंवा जास्त गुण मिळाले, तर कॉइलची गरजच नाही, हात चांगला सुधारण्याची शक्यता दांडगी असते. गुण कमी पडले तरच पहिल्या आठवड्यात कॉइल लावायची. रेषेवर उंचवटा दिसला, तर आज लुळा वाटणारा हातही कामाला येण्याची आशा धरता येते. तीन महिन्यांनंतर हात कसा असेल, याचा हा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर येतो.

डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर किंवा पूर्वी फिट आलेली असेल, तर कॉइल लावण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं. आणि घरच्यांनी एक प्रश्न नक्की विचारावा: कॉइल काढल्यानंतरचा अर्धा तास हाताकडून काय करून घेणार? पेशी जागवल्या असतील, तर त्या तेवढ्यातच शिकायला तयार असतात. त्या वेळात रुग्णाच्या पुढ्यात हरभऱ्यांची वाटी आणि शेजारी एक रिकामी वाटी हवी.