खाडीवरच्या पुलांची नावं आणि गावांचा हक्क

वाशीच्या खाडीवर १९७३ साली रस्त्याचा पूल खुला झाला. लोकांनी त्याला वाशीचा पूल म्हटलं. १९९७ साली शेजारी दुसरा झाला, तेव्हा आधीचा जुना पूल ठरला आणि हा नवा. ऐरोलीचा पूलही ऐरोलीचाच राहिला. पूल जिथे टेकतो त्या गावाचं नाव त्याला लागायचं, त्यासाठी वेगळा ठराव लागत नव्हता.

न्हावा-शेव्याच्या पुलाची गोष्ट याहून लांबलचक आहे. मुंबई बेट आणि मुख्य भूमी समुद्रावरून जोडावी, ही कल्पना १९६३ च्या विल्बर स्मिथ अहवालातली. भूमिपूजन व्हायला डिसेंबर २०१६ उजाडलं, आणि काम सुरू झालं २०१८ मध्ये. तोवर कागदोपत्री तो एमटीएचएल, म्हणजे मुंबई ट्रान्स हार्बर लिंक होता, बोलण्यात शिवडी-न्हावाशेवा. २८ जून २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला अटलबिहारी वाजपेयींचं नाव दिलं, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. वाजपेयींच्या नावाला माझा विरोध नाही. अधिकृत नावात न्हावा-शेवा राखलं गेलं, हे तर मला फार मोलाचं वाटतं. जेएनपीटी, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली घरं उठवली गेली आणि ती माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात गेली. बंदराला नेहरूंचं नाव मिळालं, तरी ट्रकवाल्यापासून कस्टम एजंटापर्यंत सगळे आजही न्हावाशेवाच म्हणतात.

सेतू उतरतो चिर्ल्याला. तिथून जासई अगदी जवळ. नवी मुंबईत नावांचा प्रश्न एवढा जिव्हारी का लागतो, हे समजून घ्यायचं तर या जासईपाशी थांबावंच लागतं. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. योग्य मोबदल्यासाठी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांनी लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच आंदोलक हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, हे तत्त्व याच लढ्यातून आलं, आणि पुढे राज्यात इतर ठिकाणच्या भूमिपुत्रांनाही ते उपयोगी पडलं.

म्हणून २०२१ साली सिडकोने नवी मुंबईच्या नव्या विमानतळासाठी बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा ठराव केला, तेव्हा आगरी-कोळी समाज पेटून उठला. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनाच्या दिशेने हजारो लोक निघाले, त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. बाळासाहेबांबद्दल त्यांच्यापैकी अनेकांना आदर होता. जमीन आम्ही दिली, तर नाव आमच्या माणसाचं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जून २०२२ मध्ये ठाकरे मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत दिबांचं नाव मान्य केलं, जुलैमध्ये शिंदे सरकारने तोच निर्णय पुन्हा घेतला, आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव करून तो केंद्राकडे पाठवण्याचा मार्ग मोकळा केला.

महापालिकेच्या रस्त्या-पुलांची वाट वेगळी. तिथे नावाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येतो, नगरसेवक बोलतात, गावकऱ्यांना निवेदन द्यायला जागा मिळते. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकाकडे कारभार राहिला. त्या काळात ही जागाच नव्हती. राज्याच्या मोठ्या पुलांसाठी तर ती कधीच नव्हती, तिथे निर्णय थेट मंत्रालयात होतो. खाडीवरचा पुढचा पूल कुणीही बांधो, त्याचे खांब ज्या कोळीवाड्याच्या मासेमारीच्या पाण्यात उभे राहतील, त्या कोळीवाड्याला आधी विचारून मगच नावाची फाईल हलली पाहिजे.