अकापेला ग्रुपच्या गाण्यात लपवलेला ड्रम असतो का?

अकापेला म्हणजे वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात गाणं. 'वाद्याशिवाय गातो म्हणतात पण मागे ड्रम मशीन लावलेलं असतं', हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकून तसं वाटणं साहजिक आहे, आवाज खरंच ड्रमसारखा येतो.

पण तो बहुतेक वेळा तोंडाचाच असतो, बीटबॉक्सिंग. घशातून आवाज न काढता नुसतं प, ट्स, क असं जोरात म्हणून बघा, प म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ट्स म्हणजे हायहॅट (झांजांची जोडी), क म्हणजे स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम). आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतातच की! आता फोनचा माईक ओठांच्या अगदी जवळ धरून रेकॉर्ड करा, 'प' एकदम धप्प ऐकू येईल. स्टेजवरचे माईक तर जवळून खालचे सूर आणखी फुगवतात, म्हणून बास (सगळ्यात खालचा आवाज) एवढा घुमतो.

हां, स्टुडिओत मात्र एकाच गायकाच्या आवाजाचे चार-पाच थर लावतात, सूर दुरुस्त करतात, कधी बासचा आवाज सॉफ्टवेअरने एक सप्तक खाली नेतात. वाद्य नसलं तरी एडिटिंग असतं, आणि मला वाटतं शंका तिथूनच येते. त्याच ग्रुपचा बिनमाईकचा लाइव्ह व्हिडिओ शोधून ऐका, बास पातळ वाटेल पण ठेका तोच असेल.